अन्सारी : एका आडनावाचा अर्थ आणि त्याची जबाबदारी

मालेगाव किंवा भिवंडी येथील एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडला, तर एकाच पानावर ‘अन्सारी’ हे आडनाव अनेकदा वाचावयास मिळते. मुंबईचा मदनपुरा, नागपूरचा मोमिनपुरा, धुळे अशा ठिकाणीही हे आडनाव सर्वांच्या परिचयाचे आहे. ते लावणाऱ्या मुलामुलींना त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘मदत करणारा’ असे सांगतील आणि ते योग्यच आहे. परंतु मोठ्यांच्या बैठकीत, विशेषतः सोयरीक जुळविताना, याच आडनावाविषयी निराळा प्रश्न विचारला जातो : “आपण कोणते अन्सारी? मूळचे की विणकर?” या एका प्रश्नापायी दीनदार मुलांची आणि सुशील मुलींची स्थळे नाकारली जातात. ज्या नावाचा आरंभ बंधुभावातून झाला, तेच नाव भेदाचे साधन व्हावे, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून हे नाव कोणाला मिळाले, कशासाठी मिळाले आणि आपल्यापर्यंत कसे आले, याचा कुरआन, हदीस आणि इतिहास यांच्या प्रकाशात विचार करणे आवश्यक आहे.

शब्दाची घडण

‘अन्सारी’ या शब्दाच्या मुळाशी नून, साद आणि रा ही तीन अरबी अक्षरे आहेत. या धातूपासून ‘नस्र’ म्हणजे मदत, साहाय्य, विजय हा शब्द होतो. मदत करणारा तो ‘नासिर’ किंवा ‘नसीर’. त्याचे अनेकवचन ‘अन्सार’. ज्याला मदत लाभली तो ‘मन्सूर’. नुसरत, नासिरुद्दीन ही आपल्या घरांतील नावेही याच कुटुंबातील आहेत. अन्सारशी संबंध असणारा तो ‘अन्सारी’.

येथे व्याकरणाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अरबीत संबंधदर्शक नाव सहसा शब्दाच्या एकवचनापासून तयार होते. ‘अन्सारी’ मात्र अनेकवचनापासून तयार झाले आहे. याचे कारण असे की, ‘अन्सार’ हा केवळ ‘मदतनीस’ या अर्थाचा सामान्य शब्द राहिला नाही; तो एका विशिष्ट समूहाचे विशेषनाम बनला.

यस्रिबचे दोन कबीले

हिजरतीपूर्वी मदीना शहराचे नाव यस्रिब होते. तेथे औस आणि खजरज हे दोन अरब कबीले राहत. त्यांचे पूर्वज यमनमधून आले होते. एकाच वंशाच्या या दोन शाखा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या रक्ताच्या तहानलेल्या होत्या. हिजरतीच्या सुमारे पाच वर्षे आधी झालेल्या ‘बुआस’च्या लढाईत दोन्ही बाजूंचे अनेक सरदार मारले गेले. थकलेल्या, दुभंगलेल्या या वस्तीला सत्याचा संदेश पोहोचला तो अशा वेळी.

इ.स. ६२० मध्ये हजच्या दिवसांत खजरजच्या सहा माणसांनी मक्केजवळ आदरणीय प्रेषितांची (स.) भेट घेतली आणि इस्लाम स्वीकारला. पुढच्या वर्षी बारा जण आले आणि त्यांनी अकबा येथे प्रतिज्ञा केली. इ.स. ६२२ मध्ये त्याच ठिकाणी त्र्याहत्तर पुरुष आणि दोन स्त्रिया यांनी प्रतिज्ञा केली की, आम्ही प्रेषितांचे (स.) रक्षण आमच्या स्वतःच्या बायकामुलांप्रमाणे करू. त्या दोन स्त्रियांपैकी एक ह. नुसैबा बिन्ते कअब (रजि.) होत्या. उहुदच्या रणांगणात प्रेषितांच्या (स.) रक्षणासाठी लढणाऱ्या उम्मे अमारा (रजि.) त्या याच.

या प्रतिज्ञेचा अर्थ संपूर्ण अरबस्तानाचे वैर ओढवून घेणे हा होता आणि प्रतिज्ञा करणाऱ्यांना त्याची पूर्ण जाणीव होती.

हे नाव कोणी दिले?

सहीह बुखारीतील एका कथनानुसार ह. अनस बिन मालिक (रजि.) यांना एकदा विचारण्यात आले की, ‘अन्सार’ हे नाव तुम्ही स्वतः धारण केले होते की अल्लाहने तुम्हाला दिले? ह. अनस (रजि.) स्वतः मदीनेच्या बनू नज्जार घराण्यातील होते. त्यांनी उत्तर दिले की, हे नाव आम्हाला अल्लाहने दिले.

या छोट्या उत्तरात आपल्या विषयाचे सार आहे. औस आणि खजरज ही नावे वंशाची होती; ती आजोबा-पणजोबांकडून आली होती. ‘अन्सार’ हे नाव कोणत्याही पूर्वजाचे नाही. ते एका कृतीचे नाव आहे. सूरह अन्फालच्या आयत ७२ आणि ७४ मध्ये ज्यांनी आश्रय दिला आणि मदत केली, अशा शब्दांत या लोकांचा उल्लेख येतो. सूरह तौबाच्या आयत १०० आणि ११७ मध्ये मुहाजिरांच्या जोडीने ‘अन्सार’ हे नाव प्रत्यक्ष आले आहे. आयत १०० मध्ये तर अल्लाहची प्रसन्नता मुहाजिर आणि अन्सार यांच्याप्रमाणेच, जे सदाचरणाने त्यांच्या मागे चालले, त्यांच्यासाठीही सांगितली आहे. म्हणजे या मार्गाचे दार नंतर येणाऱ्यांसाठी बंद झालेले नाही.

कुरआनात हा शब्द त्याहून जुन्या काळासाठीही आला आहे. ह. ईसा (अ.) यांनी अल्लाहच्या मार्गात माझा साहाय्यक कोण, असे विचारले तेव्हा त्यांच्या शिष्यांनी स्वतःला अल्लाहचे अन्सार म्हटले (आले इमरान : ५२). सूरह सफ्फच्या अखेरच्या आयतीत तर सर्वच श्रद्धावंतांना अल्लाहचे साहाय्यक होण्याचा आदेश आहे. गालीलचे ते शिष्य, यस्रिबचे शेतकरी आणि आजचे आपण, या तिघांत रक्ताचे नाते नाही. नाते आहे ते कामाचे.

नाव कशाने सार्थ झाले?

मक्केहून आलेले मुहाजिर घरदार, व्यापार, मालमत्ता मागे टाकून आले होते. आदरणीय प्रेषितांनी (स.) एकेका मुहाजिराला एकेका अन्सारीशी बंधुत्वाच्या नात्याने जोडले. ह. सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपले नवे बंधू ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे आपली अर्धी संपत्ती ठेवली. ह. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप आणि सुकविलेले दही यांच्या व्यापारातून ते लवकरच स्वतःच्या पायांवर उभे राहिले. अन्सारी देण्यात मागे राहिला नाही आणि मुहाजिर घेण्यासाठी पुढे सरसावला नाही. या बंधुत्वाचे सौंदर्य या दोन्ही बाजूंत आहे.

अन्सारांनी आपल्या खजुरीच्या बागाही वाटून देण्याची तयारी दाखविली. प्रेषितांनी (स.) ते मान्य केले नाही. तेव्हा मुहाजिरांनी बागेत श्रम करावेत आणि उत्पन्नात भागीदार व्हावे, असे ठरले. सूरह हश्रच्या नवव्या आयतीत या लोकांचे वर्णन असे आहे की, ते स्वतः गरजेत असतानाही इतरांना स्वतःहून अधिक मानतात. या आयतीच्या संदर्भात बुखारीत एका अन्सारी दांपत्याची हकीकत आहे. घरात मुलांपुरतेच अन्न होते. त्यांनी मुलांना निजविले, दिवा सारखा करण्याचे निमित्त करून तो मालवला आणि पाहुण्याला संशय येऊ नये म्हणून आपणही जेवत आहोत असे भासविले. ती रात्र त्यांनी उपाशी काढली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अन्सार हे शेतात राबणारे लोक होते आणि मक्केच्या व्यापारी सरदारांच्या नजरेत शेतकऱ्याची प्रतिष्ठा कमी होती. बद्रच्या मैदानात अन्सारच्या दोन तरुणांनी अबू जहलला जमिनीवर लोळविले. बुखारीतील कथनानुसार अखेरच्या क्षणीही त्याला खंत होती ती हीच की, आपल्याला मारणारा शेतकऱ्याऐवजी दुसरा कोणी असता तर बरे झाले असते. राबणाऱ्या हाताला हलके समजणे ही वृत्ती कोणाची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तीच हाक दुर्गंधीयुक्त ठरली

इतके पवित्र नाव, परंतु तेदेखील गैरमार्गाने वापरले जाऊ शकते. एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्सारीला मारले. अन्सारीने ‘हे अन्सारांनो’ म्हणून हाक दिली आणि मुहाजिराने ‘हे मुहाजिरांनो’ म्हणून. शब्द दोन्ही कुरआनने गौरविलेले होते. तरीही प्रेषितांनी (स.) ही अज्ञानकाळातील हाक असल्याचे सांगितले आणि ती दुर्गंधीयुक्त आहे, ती सोडून द्या, असे बजावले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

दोष नावात नव्हता. नावाचा उपयोग टोळी जमविण्यासाठी झाला, हा दोष होता. मदतीसाठी मिळालेले नाव ‘आपला’ आणि ‘परका’ ठरविण्यासाठी वापरले, की ते आपला सुगंध गमावते. प्रेषितांच्या (स.) हयातीत, प्रत्यक्ष अन्सारांच्या तोंडून निघालेल्या हाकेचे असे असेल, तर चौदाशे वर्षांनंतर आपल्या बैठकीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे काय?

हुनैनच्या युद्धानंतर (हि. ८) घडलेला प्रसंगही बोधप्रद आहे. युद्धात मिळालेली संपत्ती मक्केच्या नवमुस्लिमांना देण्यात आली, तेव्हा अन्सारच्या काही तरुणांना वाईट वाटले. प्रेषितांनी (स.) अन्सारांना एका तंबूत एकत्र केले आणि विचारले की, लोक उंट आणि बकऱ्या घेऊन जातील आणि तुम्ही अल्लाहच्या प्रेषिताला (स.) घरी घेऊन जाल, यावर तुम्ही समाधानी नाही काय? ऐकणारे इतके रडले की त्यांच्या दाढ्या भिजल्या. अन्सारांचा वाटा हाच होता. त्यांनी प्रतिष्ठा मागितली नाही, राज्य मागितले नाही, सान्निध्य मागितले.

अन्नातील मिठाप्रमाणे

अखेरच्या आजारात डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत प्रेषित (स.) मिंबरवर आले. त्यांनी सांगितले की, लोक वाढत जातील आणि अन्सार कमी होत जातील, इतके की ते अन्नातील मिठाप्रमाणे होतील. ज्याच्या हाती सत्ता येईल त्याने त्यांच्यातील सदाचारी लोकांची कदर करावी व चुकणाऱ्यांना माफ करावे, असेही त्यांनी सांगितले. पुढे अन्सारांचे अनेक पुत्र दूरच्या मोहिमांवर गेले. ज्यांच्या घरी प्रेषित (स.) हिजरतीनंतर प्रथम उतरले, ते ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) वृद्धापकाळात कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सहभागी झाले आणि तेथेच मरण पावले. आजच्या इस्तंबूलमधील त्यांची कबर प्रसिद्ध आहे. इ.स. ६८३ मध्ये मदीनेजवळ हर्रा येथे यजीदच्या सैन्याशी झालेल्या लढाईत अन्सारांची मोठी हानी झाली.

मूळचे अन्सार थोडे राहिले. त्यांचे नाव मात्र दूरवर गेले. अंदलुसमध्ये ग्रॅनडा येथे १२३२ ते १४९२ पर्यंत राज्य करणारे बनू नस्र घराणे आपला वंश खजरजचे सरदार ह. सअद बिन उबादा (रजि.) यांच्याशी जोडीत असे. कुरआनचे प्रख्यात भाष्यकार इमाम कुर्तुबी (मृ. १२७३) यांच्या नावात ‘अल-अन्सारी, अल-खजरजी’ ही दोन्ही नाती आहेत. हेरात येथील ख्वाजा अब्दुल्लाह अन्सारी (१००६–१०८९) ह. अबू अय्यूब (रजि.) यांचे वंशज मानले जातात. इजिप्तचे शेख जकरिया अन्सारी (मृ. १५२०) हे शाफई फिकहचे मोठे विद्वान होते. कोकणातील मुस्लिम बांधव याच शाफई मताचे अनुयायी आहेत. आजही अरब देशांत, इराणमध्ये, अफगाणिस्तानात, तसेच आफ्रिकेतील माली देशात तिंबक्तूच्या परिसरातील तुआरेग लोकांत अन्सारशी नाते सांगणारी घराणी आहेत.

परंतु आरंभीच्या काळातही हे नाव केवळ रक्ताने मिळत नव्हते. स्वप्नांचा अर्थ सांगण्याबद्दल प्रसिद्ध असलेले ताबिई इमाम मुहम्मद बिन सीरीन (मृ. हि. ११०) यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील सीरीन हे ह. अनस (रजि.) यांचे गुलाम होते आणि ठरलेली रक्कम देऊन ते मुक्त झाले. मुक्त केलेल्या व्यक्तीचे मुक्त करणाऱ्याच्या कबील्याशी एक नाते जडते. त्याला ‘वला’ म्हणतात. या नात्याने हदीसच्या विद्वानांनी मुहम्मद बिन सीरीन यांच्या नावापुढे ‘अल-अन्सारी’ असे लिहिले. ज्या ह. अनस (रजि.) यांनी हे नाव अल्लाहने दिल्याचे सांगितले, त्यांच्याच घरातील एका गुलामाचा पुत्र अन्सारी म्हणून इतिहासात अजरामर झाला.

हिंदुस्थानातील अन्सारी

आपल्या देशात हे आडनाव दोन वाटांनी पसरले. पहिली वाट वंशपरंपरा सांगणाऱ्या घराण्यांची. ‘दर्से निजामी’ या अभ्यासक्रमाचे प्रवर्तक, लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (मृ. १७४८) यांचे घराणे आणि पानिपतचे कवी मौलाना अल्ताफ हुसैन हाली (१८३७–१९१४) यांचे घराणे ही त्याची उदाहरणे. गाझीपूर जिल्ह्यातील युसुफपूरचे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी (१८८०–१९३६) १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये बाल्कन युद्धातील जखमी तुर्की सैनिकांच्या सेवेसाठी वैद्यकीय पथक घेऊन ते गेले होते. या कामाने त्यांनी आपल्या आडनावाचा अर्थच सिद्ध केला.

दुसरी वाट विणकरांची. मऊ, मुबारकपूर, बनारस, आझमगढ या पट्ट्यात आणि बिहारमध्ये मुस्लिम विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांना ‘जुलाहा’ म्हटले जाई. या फारसी शब्दाचा अर्थ केवळ विणकर. परंतु समाजातील वरच्या थराने आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तो तुच्छतेने वापरला. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजात जागृती झाली. त्यातून मोमिन चळवळ उभी राहिली आणि ‘मोमिन’ व ‘अन्सारी’ ही नावे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्याशी नातेही सांगितले जाऊ लागले. अब्दुल कय्यूम अन्सारी (१९०५–१९७३) यांच्यासारखे स्वातंत्र्यसैनिक या चळवळीतून पुढे आले. त्याच काळात कसाई समाजात कुरैशी, शिंप्यांत इद्रीसी, न्हाव्यांत सलमानी आणि पिंजाऱ्यांत मन्सूरी ही नावे रुजली. मन्सूरी आणि अन्सारी या दोन्ही नावांचे मूळ नून-साद-रा हेच आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आपल्या महाराष्ट्राशी या वाटेचा थेट संबंध आहे. विलायती गिरण्यांच्या कापडाने हातमागाचा धंदा बुडविला आणि १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीने उत्तरेतील जीवन असह्य केले. तेव्हा विणकरांची कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरली. मौसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी मालेगावात, तसेच भिवंडी व मुंबईत ती स्थिरावली. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले. आज तेथील घराघरांतून येणारा मागांचा खडखडाट ही त्या कष्टांचीच पुढची कडी आहे.

वंश आणि शरीअत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या बाबतीत दोन टोके टाळली पाहिजेत.

पहिले टोक खोट्या वंशावळीचे. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत लोकांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने संबोधण्याचा आदेश आहे. जाणूनबुजून दुसऱ्याला आपला पिता म्हणणाऱ्याविषयी हदीसमध्ये अत्यंत कडक इशारा आहे. समाजाची ओळख म्हणून एखादे आडनाव लावणे वेगळे आणि प्रतिष्ठेसाठी शजरा रचणे वेगळे. ज्याच्याजवळ पुरावा नाही, त्याने वंशाचा दावा करू नये. तशी गरजही नाही. दावा न करता राखलेले नाव हे ‘या लोकांप्रमाणे व्हावे’ अशा इच्छेचे प्रतीक असू शकते.

दुसरे टोक हिणविण्याचे. “हे खरे अन्सारी नाहीत” असे म्हणून नाक मुरडणारा माणूस सूरह हुजुरातची तेरावी आयत विसरतो. त्या आयतीनुसार कबीले ओळखीसाठी आहेत आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठा ईशभयाने मिळते. मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, ज्याला त्याच्या कर्मांनी मागे ठेवले, त्याला त्याचा वंश पुढे नेणार नाही.

सोयरिकीच्या बाबतीत तर अन्सारांच्याच घरातील उदाहरण आहे. अबू हिंद (रजि.) हे रक्त काढण्याचा, म्हणजे हिजामाचा व्यवसाय करीत. तो व्यवसाय हलका मानला जाई. अबू दाऊदमधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) बनू बयाजा या अन्सारी कुळाला सांगितले की, अबू हिंद यांच्याशी विवाहसंबंध जोडा, त्यांना मुली द्या आणि त्यांच्या मुली करा. म्हणजे ज्यांचे अन्सारीपण निर्विवाद होते, त्यांनाच हा आदेश मिळाला. ‘मूळचे की विणकर?’ या प्रश्नाचे उत्तर यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणते असू शकेल?

हाताने विणलेली चादर

शेवटी मागावर बसणाऱ्या बंधू-भगिनींसाठी एक हकीकत. ती ह. सहल बिन सअद (रजि.) या अन्सारी सहाबींनीच सांगितली असून बुखारीत नोंदली आहे. एक स्त्री किनार असलेली चादर घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. ही मी स्वतःच्या हातांनी विणली असून आपण ती पांघरावी म्हणून आणली आहे, असे तिने सांगितले. प्रेषितांना (स.) तिची गरज होतीच, त्यांनी ती स्वीकारली आणि नेसून बाहेर आले. एका सहाबींनी ती मागितली, तेव्हा त्यांनी ती लगेच देऊन टाकली. लोकांनी त्यांना दोष दिला. त्यावर ते म्हणाले की, ती माझे कफन व्हावी एवढ्यासाठीच मी मागितली. आणि तसेच झाले.

त्या स्त्रीचे नाव या कथनात नाही, तिचे कूळ नाही, आडनाव नाही. आहे ते तिच्या हातांचे काम. ते प्रेषितांच्या (स.) अंगावर शोभले.

पालकांनी आपल्या मुलांना आडनावाचा अर्थ सांगताना एवढ्यावर थांबू नये की, ‘अन्सारी म्हणजे मदत करणारा’. आज आपल्या मोहल्ल्यात मदतीची गरज कोणाला आहे, माग बंद पडल्याने कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, परगावाहून आलेले कोणते कुटुंब एकटे पडले आहे, हेही त्यांना विचारावे. ज्या घरातून त्या दाराकडे एक ताट जाते, ते घर अन्सारांचे. मग त्याच्या पाटीवर शेख असो, पठाण असो, तांबोळी असो वा अन्सारी.

अल्लाह आपणा सर्वांना वंशाच्या गर्वापासून आणि इतरांना तुच्छ लेखण्यापासून वाचवो आणि आपल्या धर्माचे व आपल्या दासांचे खरे साहाय्यक बनवो. आमीन.